मज्जेतल्या त्या पोराचं काय ठरलं?

अहो वहिनी, ऐकलंत का? समोरच्या अक्कांची नात वळैकाप्पूला आलीच नाही! सख्ख्या मावसबहिणीचा बांगड्यांचा कार्यक्रम. ताटात लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या मांडलेल्या, पुळिओदरै, लेमन राइस, दहीभात ओळीने झाकून ठेवलेले, बायका माना वळवून वळवून दाराकडे बघतायत आणि हिचा पत्ता नाही. शेवटी अक्कांनी फोन लावला, तोही स्पीकरवर. तर म्हणते कशी, "आज्जी, आज सेल्सचं मीडियम बदलायचा दिवस आहे. त्यांना उपाशी ठेवून मी कशी येऊ?"

काय ती शांतता पसरली म्हणून सांगू! कोपऱ्यावरच्या मामी तेवढ्या पुटपुटल्या, "आडी महिना तर कधीच संपला, आता कसला सेल?" कुणी हसलं नाही हो. अक्का काठी टेकत आत गेल्या त्या गेल्याच. गर्भारशी पोरगी मात्र गालात हसत होती, तिला आधीच माहीत असणार.

तर काय सांगत होते… दुसऱ्या दिवशी मी त्या नातीला कुंपणाशी गाठलीच. म्हटलं, असं कोण गं तुझ्याकडे उपाशी बसलंय? तर म्हणे, माणसाच्या हाडातल्या मज्जेतल्या पेशी. स्ट्रोमल सेल्स. त्यांच्यापासून हाड घडवणाऱ्या पेशी तयार होतात का, कशा होतात, हे ती बघतेय. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं ते गुलाबी पाणी बदलावं लागतं. पोंगल असो, दिवाळी असो, बहिणीचं डोहाळजेवण असो.

मज्जा म्हणजे कुठली ते तुम्हाला माहीतच आहे. आपण काही खात नाही, पण माझी कोल्हापूरची मैत्रीण नळी चोखायला बसली की ताटाशी कुणी बोलायचं नाही असा तिच्या घरी नियम होता. तीच ती, नळीच्या आतली. तिथे रक्त तयार होतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण तिथे दुसरंही एक घराणं राहतं, त्याचं नाव कुणी घेत नाही. रक्ताच्या पेशी जन्मतात, मोठ्या होतात, निघून जातात. आणि हे बाकीचे त्यांना जागा देत, आधार देत तिथेच राहतात. त्या गर्दीतले काही थोडे, म्हणजे दहा हजारांत एक, नाहीतर लाखात एक म्हणा, असे असतात की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. घरात एक मुलगा असतो बघा, बारावी झालेला, हुशार, पण पुढे काय करणार विचारलं की खांदे उडवतो… तसा. हाडाच्या धंद्यात जाईल, कूर्चेच्या जाईल, नाहीतर चरबी साठवत आरामात बसेल. आणि सगळे नातेवाईक आपापलं सांगत असतात.

आता हा मुलगा घरात आहे हेच मुळी कुणाला पत्ता नव्हता! ते शोधलं मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइन यांनी. अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन, गमालेया इन्स्टिट्यूटमधले. १९६६ साली त्यांनी काय केलं, उंदराच्या मज्जेतल्या पेशी काढल्या आणि दुसऱ्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ पापुद्र्याखाली नेऊन ठेवल्या. आणि अहो, किडनीवर हाड उगवलं! खरंखुरं, टणक हाड. तेवढ्यावर थांबलं नाही. त्या हाडाच्या पोटात पुन्हा मज्जा भरली. आणि नंतर तपासलं तर हाड निघालं बाहेरून आणलेल्या पेशींचं आणि आतलं रक्त यजमान उंदराचं! म्हणजे पाहुण्याने येऊन घर बांधलं आणि घरमालकाची माणसं त्यात राहायला गेली. मज्जा म्हणजे रक्ताचाच कारखाना असं ठामपणे सांगणारे जे होते, त्यांचे चेहरे कसे झाले असतील हो…

मग १९७० मध्ये त्यांनी आणखी सोपं करून दाखवलं. मज्जा बशीत ओतायची. रक्ताच्या पेशी पाण्यात तरंगतात, त्या पाण्याबरोबर ओतून टाकायच्या. हे आपले न ठरलेले मात्र बशीच्या बुडाला घट्ट चिकटून बसतात. एकेकट्या पेशीपासून मग वस्ती वाढते. आजही तीच रीत चालते, त्यात फार काही बदललेलं नाही म्हणे. आता मशिनं कोट्यवधींची आली, पण पहिली पायरी काय, तर कोण चिकटतंय ते बघा.

तर काय सांगत होते, गुलाबी पाणी. हाडाकडे वळवायचं तर त्यात तीन गोष्टी घालतात. एक व्हिटॅमिन सी. ते नसेल तर कोलॅजनची दोरी नीट वळली जात नाही, आणि कोलॅजनच नाही तर खनिज बसणार कशावर? पूर्वी महिनोन्‌महिने बोटीवर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या का सुजायच्या आणि जुन्या जखमा का उघडायच्या, ते हेच. दुसरं ग्लिसरोफॉस्फेट नावाचं काहीतरी, त्यातून फॉस्फेट मिळतं. आणि तिसरं… इकडे या जरा, मोठ्याने नको. तिसरं डेक्सामेथासोन. स्टिरॉइड!

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. अहो, अक्कांना संधिवातासाठी किती वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. चंद्रासारखा गोल चेहरा झाला होता त्यांचा, आठवतंय ना? आणि गेल्या मार्गळीत पहाटे कोलम काढायला वाकल्या काय, कमरेत कट्‌ झालं काय, खुब्याचं हाडच गेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, गोळ्यांनी हाडं पोखरली. आणि इथे सख्खी नात, हाडं बनवायची म्हणून तेच औषध बशीत घालतेय! हे अक्कांना कळलं तेव्हा मी तिथेच होते. कॉफीचा डबरा हातातच राहिला. म्हणाल्या, "म्हणजे मी काय पाप केलं होतं?"

मुलीचा चेहरा पण पडला हो. पण तिने समजावलं, आणि बरं समजावलं. बशीत ते अगदी किंचित असतं, आणि तेही कोवळ्या, न ठरलेल्या पेशीला एक धक्का द्यायला. माणसाच्या अंगात रोज, महिनोन्‌महिने, जास्त डोसमध्ये गेलं की गोष्टच उलटी. हाड घडवणाऱ्या पेशी लवकर मरायला लागतात. हाड खाणाऱ्या पेशी असतात ना, त्या रक्ताच्या घराण्यातल्या, वेगळ्याच. त्या जास्त दिवस जगतात. आणि आपला तो न ठरलेला मुलगा चरबीच्या बाजूला झुकतो. मजा अशी की लॅबमध्ये ज्या बशीत मुद्दाम चरबी बनवायची असते, तिच्यातसुद्धा डेक्सामेथासोनच घालतात, फक्त सोबत इन्सुलिन आणि आणखी दोन-चार गोष्टी. तोच मामा, कुणाच्या संगतीत बोलतोय त्यावर मुलगा कुठे जाणार ते ठरतं. अक्का गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या नसत्या घेतल्या तर हाताची बोटं वाकडी झाली असती, तेही खरंच." म्हातारी न्यायाने बोलते, एवढं मात्र मानायला हवं.

बरं, आतमध्ये ठरवतं कोण? तेही विचारलं मी. तर एक जीन आहे, रन्क्स-टू. त्याच्यावाचून हाड नाहीच. १९९७ च्या मे महिन्यात 'सेल' नावाच्या मोठ्या पत्रिकेत एकाच अंकात चार लेख आले त्याच्यावर. विचार करा, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चार टोळ्या एकाच गोष्टीमागे लागलेल्या! जपानमध्ये कोमोरी यांच्या मंडळींनी तो जीन काढून टाकलेले उंदीर बनवले. पिल्लं जन्मली, सांगाडा पूर्ण, बोटंसुद्धा मोजून घ्या… पण सगळी कूर्चा. हाडाचा एक कण नाही. बरगड्यांना ताकद नाही म्हणून श्वास घेता येईना, जन्मल्या जन्मल्या गेली बिचारी. आणि माणसांत या जीनची दोनपैकी एक प्रत बिघडली तर काय होतं माहितीय? गळ्याखालची आडवी हाडं नीट बनतच नाहीत. काहींची तर मुळीच नसतात. ती माणसं दोन्ही खांदे पुढे आणून छातीसमोर एकमेकांना टेकवू शकतात! मी घरी येऊन करून बघितलं. नाही जमलं. म्हणजे जीन शाबूत आहे.

चरबीकडे नेणारा वेगळा, पीपीएआर-गॅमा त्याचं नाव. एक वर आला की दुसरा खाली जातो, अगदी आमच्या घरातल्या… जाऊ दे, कशाला नावं घ्या. तर या चरबीवाल्याला चेतवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या आहेत, पायोग्लिटाझोन वगैरे. साखरेला चांगल्या. पण २००६ च्या सुमाराला त्याच घराण्यातल्या रोसिग्लिटाझोनवर मोठी पाहणी झाली, त्यात बायकांची हाडं मोडायचं प्रमाण जास्त दिसलं. हे ऐकल्यावर कोपऱ्यावरच्या मामींनी पर्समधून आपल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचायला लागल्या. नातीने लगेच हात धरला, "मामी, स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, डॉक्टरांना विचारा." मामींना ते आवडलं नाही. त्यांना कुणी 'विचारा' म्हटलेलं आवडत नाहीच.

आणि वय झालं की हा झुकाव आपोआप चरबीकडे जातो. बाळ जन्मतं तेव्हा सगळी मज्जा लालभडक. मोठेपणी हातापायांच्या लांब हाडांत बरीचशी पिवळी, नुसती चरबी. हाडं ठिसूळ झालेल्यांत तर आणखी. म्हणजे आपण बाहेरून दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या ढोसतोय, आणि आत बांधकाम करणारा मुलगाच धंदा बदलून बसलाय. विटांचे ट्रक दारात उभे आणि गवंडी गायब. कॅल्शियम नको असं नाही म्हणत मी. पण टीव्हीवरच्या त्या जाहिराती बघून वाटतं की घोट घेतला की गुडघ्यात हाड उगवतं, तसं काही नाही एवढंच.

अहो, आणि नुसतं काय प्यायला घातलं एवढ्यावर भागत नाही. बसायला काय दिलं तेही बघतात हे लोक! २००६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या एंगलर, डिशर या मंडळींनी त्याच पेशी मऊ, मध्यम आणि कडक अशा वेगवेगळ्या जेलवर ठेवल्या. बाकी सगळं सारखं. अगदी मऊवरच्या मज्जातंतूंसारखे हातपाय पसरायला लागल्या, मध्यमवरच्या स्नायूंकडे वळल्या, आणि कडकवरच्यांनी हाडाची वाट धरली. त्या लेखावर दुसरं नाव कुणाचं होतं माहितीय? शमिक सेन. आता ते आपल्या मुंबईच्या आयआयटीत शिकवतात, पवईला. हे मी भजनाला सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "म्हणूनच आमच्या सासूबाई कापसाच्या गादीवर झोपू देत नव्हत्या." त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण सांगणार कोण? पेशीला आजूबाजूचा मऊ-कडकपणा कळतो तो तिच्या आकाराएवढ्या जागेत, गादी-चटईचा नाही. चालण्या-उचलण्याचा मात्र फरक पडतो. अंतराळात गेलेल्या लोकांची हाडं महिन्याला एक-दीड टक्क्याने झिजतात, वजनच पडत नाही ना त्यांच्यावर.

तर काय सांगत होते… एकवीस दिवस. साधारण तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात वरून काही दिसत नाही. मग अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम चढायला लागतं, कोलॅजन विणलं जातं, आणि शेवटी त्यावर कॅल्शियमचे कण बसतात. ते बसलेत की नाही हे कळायला त्यावर अॅलिझरिनचा लाल रंग ओततात. कॅल्शियम असेल तिथे लाल, नसेल तिथे धुऊन जातो. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. एका बशीत नुसतं फिकट पाणी, आणि शेजारच्या बशीत लालभडक ठिपकेच ठिपके. पेशी एकाच माणसाच्या, बरं का. फरक फक्त पाण्याचा.

हा अॅलिझरिन आपल्याकडचाच हो! इथल्या किनाऱ्यावर सायवेर म्हणून झुडूप होतं ना, त्याच्या मुळाचा लाल रंग. चोळमंडळची लाल छीट त्याच्यावरच जगभर गेली. युरोपात तोच रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून काढत. १८६८ नंतर जर्मनांनी कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि मूळ उपटणाऱ्यांचं दिवाळं वाजलं, ती वेगळी रडकथा. पण हाडाशी त्याची गाठ कशी पडली, ते ऐका. लंडनला जॉन बेल्शियर म्हणून सर्जन होते. १७३६ ची गोष्ट. एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले. डुकराचं मांस वाढलं, तर आतलं हाड लाल! दुसरा कुणी असता तर ताट सरकवून उठला असता. यांनी यजमानालाच खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की रंगवलेलं कापड ज्या कोंड्याने स्वच्छ करायचे, तो रंग लागलेला कोंडा तो डुकरांना घालायचा. मग बेल्शियर यांनी कोंबड्याला ते मूळ खाऊ घातलं, त्याचीही हाडं लाल. पुढच्यांनी त्यावरून ताडलं की रंग चढतो तो नव्याने बनणाऱ्या हाडाला. हाड वाढतं कसं, कुठून वाढतं, हे कळायला लागलं ते त्या एका जेवणामुळे. आणि यजमानीणबाईंचा चेहरा? पाहुणा ताटातल्या हाडावरून खोदून खोदून विचारतोय म्हटल्यावर… मी त्या बाईच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं.

आमच्या तंजावरला हे सगळं नवं वाटायचं कारण नाही म्हणा. सरफोजीराजांना काय कमी नाद होता? थोरल्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा अख्खा वंश मराठीत कोरून घेतला तो एक. पण धन्वंतरी महालात औषधं काय बनवायचे, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट काय ठेवायचे! १८२६ मध्ये बिशप हेबर भेटायला आले तर राजेसाहेब त्यांच्याशी लाव्हाझिए आणि लिनिअसवर बोलले. बिशपसाहेब चाटच पडले असतील, त्यांना वाटलं असेल हत्ती-घोड्यांवर बोलतील. आणि राजवाड्यात तो देवमाशाचा सांगाडा आहे, १९५५ मध्ये तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेला, तो तर प्रत्येक पाहुण्याला दाखवून दाखवून आपले पाय दुखतात. आता त्रिची रोडला तिरुमलैसमुद्रमला शास्त्र युनिव्हर्सिटीत स्वामिनाथन सेतुरामन यांचं केंद्र आहे, नॅनो आणि बायोमटेरियलचं. तिथे केसाहून कितीतरी बारीक धाग्यांच्या जाळ्या बनवतात, पेशींनी त्यावर वस्ती करावी म्हणून. अक्कांची नात कुठल्या लॅबमध्ये आहे ते मी सांगणार नाही, तिने शपथ घातलीय.

आणि पुण्याचं ऐकलंत का? गणेशखिंडीत एनसीसीएस आहे ना, पेशींची राष्ट्रीय संस्था. तिथल्या मोहन वाणींच्या लोकांनी एक गंमत पकडली. रक्तातल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-३ नावाचा एक निरोप सोडतात. त्याने हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायच्या थांबतात, हे त्यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं. आणि २०१२ मध्ये म्हणे, तोच निरोप माणसाच्या मज्जेतल्या त्या न ठरलेल्या मुलाला हाडाच्या धंद्यात ढकलतो! एका निरोपाने दोन कामं. पुढे वाणी त्या संस्थेचे संचालकही झाले. म्हणून त्याचं औषध झालंय असं मात्र नाही. बशी आणि उंदीर यांच्यापासून अक्कांच्या खुब्यापर्यंत फार लांबचा पल्ला आहे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढची गोष्ट ऐकलीत तर…

अक्कांचा मुलगा. चेन्नैला असतो तो. कुणीतरी त्याच्या कानात भरलं की एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, आईची हाडं पुन्हा तरुण होतील, पॅकेज आहे. पॅकेज! तिरुपतीच्या यात्रेला असतं तसं. चकचकीत पुस्तिका घेऊन आला, अॅडव्हान्स भरायच्या बेतात. नात समोर बसली आणि तिने विचारलं, कोणाच्या पेशी? कुठून काढणार? आणि हाडच बनवतील, चरबी नाही बनवणार, हे तुम्हाला कसं कळणार? पुस्तिकेत यातलं एकही नव्हतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचना तिने मोबाइलवर काढून दाखवल्या. रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल म्हणून पैसे घेऊन असं काही द्यायचं नाही, फक्त मंजुरी असलेल्या चाचणीत द्यायचं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. नंतर गुडघ्याच्या झिजेसाठी एका तयार औषधाला सरकारी परवानगी मिळाली, ते खरंय, पण ते गुडघ्याचं. खुब्याला तरुण करण्याचं नाही.

मुलगा वरमला, पण हटला नाही. म्हणाला, "परदेशात तर करतात." तेव्हा हिने इटलीचं काढलं. ते ऐकायला पाहिजे होतं तुम्ही! दाविदे वान्नोनी नावाचा माणूस, डॉक्टर नव्हे बरं, मानसशास्त्राकडचा. याच मज्जेतल्या स्ट्रोमल पेशी घ्यायचा आणि म्हणायचा मी यांचे मज्जातंतू बनवले. आजारी लेकरांच्या आया रडतायत, रोममध्ये मोर्चे निघतायत, २०१३ मध्ये पार्लमेंटने चाचणीला तीस लाख युरो मंजूरसुद्धा केले. उभे कोण राहिले, तर पाओलो बियांको, एलेना कात्तानेओ असे मोजके शास्त्रज्ञ. बियांको रोमचेच, जन्मभर याच पेशींवर काम केलेले. लोकांनी त्यांनाच निर्दयी ठरवलं. मग 'नेचर'ने बाहेर काढलं की वान्नोनीच्या पेटंटच्या अर्जातली चित्रंच दुसऱ्यांच्या आधीच्या लेखातली! तज्ज्ञांच्या समितीने पद्धतीला काही आधार नाही म्हणून सांगितलं, आणि २०१५ मध्ये वान्नोनीने कोर्टात तडजोड करून शिक्षा पत्करली. आणि ज्या आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना मेसेनकायमल स्टेम सेल म्हणायला सुरुवात केली, क्लीव्हलँडचे, त्यांनीच २०१७ मध्ये जाहीर लिहिलं की हे नाव आता बदला. त्या नावावर दुकानं किती निघाली होती, तेही त्यांनीच मोजलं असेल. बियांको तर आधीपासून ओरडत होते की मज्जेतला हा मुलगा हाडांच्या घरचा आहे, त्याला जगातल्या सगळ्या धंद्यांचा वारस करू नका.

अक्कांच्या मुलाने पुस्तिका मिटली. अक्का म्हणाल्या, "माझे पैसे वाचले, आता न्हाणीघरात धरायला दांड्या बसव." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. स्टीलच्या दोन दांड्या, एक संडासाजवळ, एक न्हाणीत. घसरायची फरशी पण खरखरीत करून घेतली. मी बघून आले. बारीकसं काम आहे, पण नेटकं. शिवाय हाडांच्या डॉक्टरांनी औषध बदललंय, वर्षातून एकदा शिरेतून देतात ते.

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. ती पुस्तिका आणून दिली कुणी, ठाऊक आहे? कोपऱ्यावरच्या मामींच्या पुतण्याने! क्लिनिकवाले त्याला माणसामागे कमिशन देतात म्हणे. मामींना कुणी बोललेलं नाही अजून. पण शुक्रवारी भजनाला त्या आणि अक्का टाळ घेऊन शेजारीशेजारीच बसतात, दोघींची जागा ठरलेली आहे. तुम्ही येताय ना? जरा लवकर या, पुढची चटई धरून ठेवते.